चाळीसपैकी चौदा

“कप फुटला, दूध उतू गेलं, माणूस रडायला लागलं, तरी हात पुढे करायचा नाही, शालन. हात पुढे केलास की तो गुण तुझा झाला. त्यांचा नाही.”

हेरवाडकर मॅडमचं हे वाक्य मनात घोळवतच मी ब्राह्मणपुरीत कुमुदअक्कांचा जिना चढले. श्रावणातली चतुर्दशी होती, दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. एका हातात फॉर्मची फाइल, दुसऱ्या हातात माझा जेवणाचा डबा. मिरजेत मॅडमचा मानसिक आजारांचा दवाखाना होता आणि मी तिथे मदतनीस होते. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली.

आमच्याकडे असे काही वयस्कर पेशंट होते, ज्यांचं मन महिनोन्महिने उंच उडायचं आणि मग तितकेच दिवस तळाशी बसायचं. तरुणपणी घरचे सांभाळून घेतात. साठी-सत्तरीला प्रश्न येतो की हे माणूस आता एकटं राहू शकेल का. मॅडम म्हणायच्या, “त्यांना विचारू नकोस. वर असतील तर म्हणतील उत्तम चाललंय, खाली असतील तर म्हणतील सगळं संपलं. घरच्यांनाही विचारू नकोस, ते मागच्या दिवाळीतलं भांडण सांगतील. सरळ घरी जा आणि चहा करायला सांग.”

म्हणून तो फॉर्म होता. रोजच्या जगण्यातली आठ कामं, प्रत्येकाला पाच गुण. चहा करणं, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावणं, फोन करणं, वरणभात शिजवणं, अशी. एक महिन्याच्या अंतरानं दोनदा जायचं, गप्प बसून बघायचं आणि गुण द्यायचे.

दार एका चाळिशीच्या गृहस्थांनी उघडलं.

“तुम्ही दवाखान्यातल्या ना? मी मकरंद. त्यांचा मुलगा. काल रात्रीच्या गाडीनं आलो पुण्याहून. शेजारच्यांचा फोन आला, आई भिंती धरून चालतीये म्हणून.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पुण्याजवळ एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीये. चांगली आहे. सोमवारपर्यंत थांबतो म्हणालेत. तुमचा कागद मिळाला की झालं.”

“कोण आहे रे, मक्या?” आतून आवाज आला. शब्द ओले आणि जड. मला तो आवाज ओळखू आला नाही.

मला आठवत होता तो महिन्यापूर्वीचा आवाज. कुमुदअक्का हसबनीस एकाहत्तर वर्षांच्या होत्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलेलं, त्यामुळे कुणाशीही बोलताना वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलायच्या. आजार तिशीत सुरू झालेला. गेली वीस वर्षं लिथियमच्या गोळीवर त्या नीट होत्या.

आषाढी होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा मी पहिल्यांदा आले. अक्कांनी चाळीसपैकी अडतीस मिळवले. दोन गुण मी फोनचे कापले, कारण दवाखान्यात फोन लावून पुढची वेळ मागायची होती आणि त्यांनी आमच्या कंपाउंडरला आधी ‘हॅलो’ कसं म्हणावं ते शिकवलं. सगळं झाल्यावर त्यांनी चिवड्याची बशी पुढे केली. मी म्हटलं, चातुर्मास आहे, मीठ सोडलंय.

“चार महिने? अगं मग खातेस काय? कापूस?”

“भात, भाजी, भाकरी. सगळं अळणी. लग्न झाल्यापासून दर वर्षी करते.”

“आणि मिळतं काय त्यानं?”

मी काहीतरी उत्तर दिलं आणि फॉर्मवर तारीख घातली. अक्का माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता, सुईत दोरा ओवत होत्या. एका खेपेत ओवला.

निघताना त्यांनी मला उंबऱ्यात थांबवलं. “एक कबूल कर. पुढच्या खेपेला जे दिसेल तेच लिहायचं. दया येऊन गुण वाढवायचे नाहीत आणि माझ्या मुलाचं तोंड बघून कमी करायचे नाहीत. या दोन खोल्या आहेत म्हणून मी जागेवर आहे. इथून हलवलं की माझं काही खरं नाही.”

“जे दिसेल तेच लिहीन,” मी म्हटलं. खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे, त्यामुळे त्यात वेगळं कबूल करण्यासारखं काही नव्हतं.

आता त्या खिडकीशी शिलाईमशीनला टेकून उभ्या होत्या. महिन्यात वाळल्यासारख्या दिसत होत्या. मला बघून हसल्या.

“आलीस? कर सुरू. काय करू आधी?”

“चहा, अक्का.”

त्यांनी पातेलं घेतलं. हात थरथरत होते, साधे नाही, सुपात धान्य पाखडावं तसे. पाणी ओट्यावर जास्त आणि पातेल्यात कमी पडलं. साखरेचा चमचा पातेल्यापर्यंत पोचेतो रिकामा झाला. मकरंद पुढे झाले, तर मी म्हटलं, “मदत करायची नाही.”

“अहो, भाजेल ती.”

“भाजत असेल तर थांबवायचं. मदत करायची नाही.”

कपात ओतताना चहा बशीत, ओट्यावर आणि अक्कांच्या पायावर सांडला. मी एक गुण दिला, कारण गॅस त्यांनी आठवणीनं बंद केला होता.

गोळ्यांची सात कप्प्यांची डबी लावायला त्यांना वीस मिनिटं लागली. मंगळवार रिकामा राहिला आणि शुक्रवारात दोन दिवसांच्या गोळ्या गेल्या. फोनवर त्या दवाखान्याऐवजी कुणा दुसऱ्याशीच बोलल्या. पलीकडच्या बाईंनी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कंपाउंडर बदलला वाटतं. हिला हॅलो येतं.”

मकरंद हसले नाहीत. “दोन महिन्यांपूर्वी मला फोनवर शब्दकोडं सांगत होती,” ते म्हणाले. “वय झालं की इतकं झपाट्यानं होतं का हो?”

“मला बोलायची परवानगी नाही,” मी म्हटलं.

मध्येच अक्का दोन वेळा संडासला जाऊन आल्या. पोट बिघडलं होतं. परत आल्या त्या मशीनजवळ स्टुलावर बसल्या आणि सुई-दोरा माझ्यापुढे धरला.

“एवढं ओवून दे गं. चार दिवस झाले, ओवलं जात नाहीये.”

मी हात मांडीवर ठेवले.

“हे तुझ्या कागदात नाही,” अक्का म्हणाल्या. “मी वाचलाय तुझा कागद. आठ कामं आहेत. सुई नाही त्यात.”

खरंच नव्हती. पण मॅडमनी हात पुढे करायचा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि कुठल्या कामाला ते सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “नको, अक्का.” त्यांनी सुई मशीनच्या गादीला टोचून ठेवली. दोरा तसाच लोंबत राहिला.

शेवटचं काम वरणभाताचं. कुकर त्यांनी लावला, शिट्ट्या मोजल्या, वरण घोटलं, हिंग-हळदीला विसरल्या नाहीत. हात हलत होते तरी त्या एका कामात कुठेतरी सवय शिल्लक होती. फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं, ‘पदार्थ खाण्याजोगा आहे का, चाखून पाहावा.’ गेल्या खेपेला माझ्या नेमामुळे मी चाखलं नव्हतं आणि शेजारच्या बाईंना बोलावून चाखायला लावलं होतं. त्यावर अक्का म्हणाल्या होत्या, जिभेशिवाय परीक्षक मी पहिल्यांदाच पाहिला.

आज त्यांनी स्वतःहून वाटी माझ्यापुढे सरकवली. “तू चाख. तुला चालेल.”

मी चाखलं. अळणी होतं.

मकरंदनीही चमचाभर घेतलं. त्यांचा चेहरा पडला. “बघा. मीठसुद्धा विसरली.”

“विसरले नाही,” अक्का म्हणाल्या. “सोडलंय.”

मला काय वाटलं ते मी खरं लिहिते. मला बरं वाटलं. नऊ वर्षं मी लोकांच्या घरी माझा डबा उघडून एका कोपऱ्यात बसून जेवत होते. कुणाच्या घरची वाटी मला न विचारता चालली, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मी वाटी संपवली. वरणभाताला पाचपैकी पाच दिले.

“पाच?” मकरंद म्हणाले.

“विसरल्या नाहीत ना. सोडलंय.”

बेरीज केली. चाळीसपैकी चौदा. पंचवीसच्या खाली असेल तर मॅडम ‘एकटं राहणं सुरक्षित नाही’ असं लिहून द्यायच्या. अक्का माझ्या पेन्सिलीकडे बघत होत्या. त्यांना आकडा उलटा वाचता येत होता.

“चौदा,” त्या म्हणाल्या.

“जे दिसलं ते लिहिलं, अक्का.”

“बरोबर आहे. तेच सांगितलं होतं मी.” आणि त्या मुलाला म्हणाल्या, “मक्या, मशीन नेऊ देतात का रे तिथे?”

मकरंद खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

भेट संपली की पेशंटला सूचनांचा कागद वाचून दाखवायचा, असा आमचा नियम. मला कागद लागत नसे. आठवड्यातून दहा वेळा तरी मी ते म्हणायची, स्तोत्रासारखं पाठ होतं. डब्याची पिशवी सावरत, चपला शोधत मी सुरू केलं.

“गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. पाणी भरपूर प्यावं. जेवणातलं मीठ कमी करू...”

मी तिथेच थांबले.

“नये,” अक्कांनी पुरं केलं. “मला पाठ आहे. पुढं म्हण.”

एक चप्पल पायात होती, एक हातात. शरीराला मीठ कमी पडलं की ते लिथियम बाहेर टाकत नाही, साठवून ठेवतं. गोळी तेवढीच असते, पण आत तिचं विष होतं. हात थरथरतात, जीभ जड होते, पाय ठरत नाहीत, पोट बिघडतं, डोकं चालत नाही. हे मला माहीत होतं. ज्या पेशंटला कळत नसे, त्याला मीच समजावून सांगायची.

“मीठ कधीपासून सोडलंत, अक्का?”

“तू येऊन गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आज तीस दिवस झाले.”

“आणि वाक्य पाठ आहे म्हणता!”

“अगं, ते कमी करू नये असं आहे. मी कमी नाही केलं. मी देवाला सोडलंय.”

मी दवाखान्यात फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“आजची गोळी दिली?”

“रात्री असते.”

“देऊ नकोस. तशीच रिक्षात घालून घेऊन ये, रक्त तपासायचं. मीठ सोडलेलं तुला कधी कळलं?”

“वरण चाखलं तेव्हा.”

“किती वाजले होते?”

“सव्वाबारा.”

“आता किती झाले?”

“पाऊण, मॅडम.”

मॅडमनी फोन ठेवला.

मकरंद माझ्याकडे बघत होते. “म्हणजे हे वय नाही?”

“ते मला माहीत नाही. आज तरी हे मीठ आहे.”

“आणि हे खूळ तिच्या डोक्यात तुम्ही घातलंत?”

“हो,” मी म्हटलं.

ते काही बोलणार होते, पण आधी रिक्षा आणायला खाली धावले. मी अक्कांना म्हटलं, चला. अक्का स्टुलावरून उठल्या नाहीत.

“तिथे नेऊन मीठ चारणार ना?”

“द्यावंच लागेल, अक्का.”

“मग मी येत नाही. कार्तिकीपर्यंत बोलले आहे मी.”

“जिवावर बेतेल.”

“बेतू दे.” त्या हळू बोलत होत्या, एकेक शब्द टाका घातल्यासारखा. “शालन, या आजारात मी एक गोष्ट पुरी केली नाही. वर असताना बारा कामं काढायची आणि खाली गेले की सगळी तशीच. त्या ट्रंकेत सतरा स्वेटर आहेत, एकालाही दुसरी बाही नाही. मक्याचं लग्न ठरवलं मी आणि लग्नात मी दवाखान्यात. आयुष्यात एकदा काहीतरी सुरू केलेलं शेवटाला न्यायचं होतं. साधं बघून घेतलं. काही करायचं नाही, नुसतं खायचं नाही.”

खाली रिक्षाचा आवाज आला.

“पण मीठच का घेतलंत?” मी विचारलं.

“मी तुला विचारलं नव्हतं का, काय मिळतं म्हणून? तू काय म्हणालीस?”

मला आठवत होतं. उत्तर देऊन मी फॉर्मवर तारीख घातली होती.

“म्हणालीस, मन जागेवर राहतं.” अक्का हसल्या. “आता हे तू मला सांगायचं! म्हटलं, वीस वर्षं एकटी गोळी राबतेय बिचारी. तिला सोबत होईल.”

मी हातातली चप्पल खाली ठेवली.

“तुमचा नेम मला द्या,” मी म्हटलं. “मी पुरा करते.”

“एका तोंडानं दोन नेम? तुझं तोंड आधीच अळणी आहे.”

“आधी माझा. कार्तिकीला माझा संपेल, तिथून पुढे तुमचा.”

“असं चालतं?”

“आजारी माणसाचा नेम दुसऱ्यानं पुरा केला तर तो पुरा धरतात.”

“कोण धरतं?”

“धरतात, अक्का.”

त्यांनी विचार केला. डोकं नीट चालत नव्हतं तरी शिवणाच्या बाईंचं माप चालत होतं. “माझे तीस झालेत. ते माझेच. कार्तिकीपर्यंत पंचाऐंशी उरतात. तेवढेच करायचे. एक जास्त नाही, एक कमी नाही.”

“पंचाऐंशी.”

“संक्रांत येते मधे. तिळगुळाच्या वड्या होतील, पण भोगीची भाजी अळणी लागेल.”

“लागू दे.”

“शपथ नको घेऊस. तू खोटं बोलत नाहीस ना, मग नुसतं म्हण.”

“करीन,” मी म्हटलं.

अक्का उठल्या आणि झोकांडी गेली. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, आणि एकेक पायरी मोजत आम्ही जिना उतरलो. अठरा पायऱ्या होत्या. पाचव्या पायरीवर त्या म्हणाल्या, “हा गुण तुझा.”

रक्तातली लिथियमची पातळी असायला हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. चार दिवस दवाखान्यात ठेवलं, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी जीभ थोडी सुटल्यावर अक्कांनी बाटलीकडे बोट करून मॅडमना विचारलं, “हे मिठाचंच पाणी ना? मग नेम या शालननं मोडला की तुम्ही?” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “शिरेतून गेलेलं धरत नाहीत.” मॅडम केसपेपरवर काहीतरी लिहीत राहिल्या.

माझा फॉर्म त्यांनी नंतर बघितला. चौदा तसेच ठेवले होते, खाली मी एक ओळ लिहिली होती: ‘पेशंटने एक महिना मीठ वर्ज्य केले आहे. कारण : मी.’ मॅडमनी ‘मी’ खोडून तिथे ‘नेम’ लिहिलं. मग विचारलं, “वरणाला पाच कशाला?” मी म्हटलं, विसरल्या नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, हं. पुढच्या महिन्यात फॉर्म नव्यानं छापून आला, त्यात सुरुवातीलाच एक ओळ वाढली होती: ‘सध्या कोणता उपास, नेम, वर्ज्य? विचारून लिहावे.’ या ओळीला गुण नव्हते.

आश्विनात मी पुन्हा गेले. अक्कांनी छत्तीस मिळवले. हात थोडे हलत होते, ते गोळीनं नेहमीच हलायचे. मकरंद मुद्दाम रजा काढून आले होते आणि सबंध वेळ पाठीमागे हात बांधून उभे होते. बेरीज झाल्यावर त्यांनी वृद्धाश्रमाला फोन केला आणि खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. माझ्याशी ते बोलले नाहीत. निघताना मात्र मला खारे शेंगदाणे विचारले, मग जीभ चावली.

अक्कांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं. हातात सुई-दोरा होता. “माझं चाललंय,” त्या म्हणाल्या. “तुझं बघ.”

कार्तिकी झाली. द्वादशीला आमच्या घरी माझ्या नेमाचं पारणं असायचं. चार महिन्यांनंतर पहिलं मीठ सासूबाईंच्या हातचं, अशी पद्धत. त्या दिवशी त्यांनी पुरणाचा घाट घातला होता, कटाची आमटी केली होती, कोशिंबीर, पापड. मी सकाळीच स्वयंपाकघरात जाऊन माझ्यापुरती एक वाटी आमटी मिठाआधी काढून ठेवली होती. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

सगळे पानावर बसले. सासूबाई मिठाची वाटी घेऊन माझ्यापुढे वाकल्या.

“घे हो. सुटलीस.”

मी हात पुढे केला आणि ताटावर आडवा धरला.

“अगं, हे काय? द्वादशी आहे आज.”

“अजून पंचाऐंशी आहेत, सासूबाई.”

“पंचाऐंशी काय? कुणाचे?”

“ब्राह्मणपुरीतल्या एका बाईंचे.”

त्या वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि अक्कांच्या पहिल्या दिवसाचा पहिला घास घेतला.